ओली हवा आणि ‘सी’ वर्गातला ड्रायर: ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका रसायन कारखान्यात यंत्रांची महत्त्वश्रेणी नव्याने ठरवण्याचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या औद्योगिक पट्ट्यातील एका मध्यम आकाराच्या रसायन कारखान्याचे आहे. कारखान्याचे नाव, त्याचे उत्पादन आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत, तर आकडे कारखान्याच्या आकाराचा अंदाज यावा एवढ्यापुरते दिले आहेत. मी त्या काळात तेथे देखभाल नियोजनाचे काम पाहत होतो. त्यामुळे पुढे ज्या चुका सांगितल्या आहेत, त्यांतल्या काही माझ्याच आहेत.

कारखाना बॅच पद्धतीने चालत असे. सहा रिॲक्टर (रासायनिक अभिक्रियेची पात्रे), एक बॉयलर, दोन ब्राइन चिलर (मिठाचे पाणी थंड करणारी यंत्रे), दोन एअर कॉम्प्रेसर, सांडपाणी प्रक्रिया विभाग आणि या सर्वांना जोडणारे पंप, मोटारी, वाल्व, उपकरणे मिळून देखभाल नोंदवहीत ४१२ टॅग नंबर, म्हणजे यंत्रांचे ओळखक्रमांक, होते. प्रत्येक टॅगपुढे ए, बी किंवा सी असा वर्ग लिहिलेला होता: ए वर्गात ७४, बी मध्ये १५८ आणि सी मध्ये १८०. ही यादी काही वर्षांपूर्वी एका अभियंत्याने एकट्याने, दोन दिवसांत तयार केली होती. बाहेरच्या एका लेखापरीक्षणासाठी ती हवी होती. वर्ग ठरवताना त्याने खरेदीची किंमत आणि मोटारीची अश्वशक्ती हे दोनच निकष धरले होते. मोठे व महाग यंत्र ए मध्ये, लहान व स्वस्त यंत्र सी मध्ये, असा सरळ हिशेब होता. ए वर्गाला दरमहा तपासणी, बी ला तिमाही, आणि सी बिघडले की दुरुस्त करायचे, असे वेळापत्रक त्यावरून आपोआप तयार होत असे.

यादी चुकीची आहे असे कोणालाच वाटत नव्हते. खरे तर ती यादी कोणी वाचतच नव्हते.

घटना

जुलै महिन्यातल्या एका रात्री, तिसऱ्या पाळीत, एका रिॲक्टरमध्ये उष्णता निर्माण करणारी अभिक्रिया चालू होती. कच्चा माल थेंबाथेंबाने सोडला जात होता आणि रिॲक्टरच्या जॅकेटमधून, म्हणजे बाहेरच्या आवरणातून, थंड ब्राइन फिरत होते. ब्राइनच्या वाटेवरचा कंट्रोल वाल्व साधारण तीस टक्के उघडा असताना अडकला. तापमान वाढू लागले, पॅनेलवरून वाल्व पूर्ण उघडण्याची आज्ञा गेली, पण वाल्व हलला नाही. ठरलेल्या मर्यादेवर इंटरलॉकने, म्हणजे धोका दिसताच आपोआप काम करणाऱ्या यंत्रणेने, माल सोडणे थांबवले, ऑपरेटरने खाली धावत जाऊन बायपास हाताने उघडला आणि तापमान उतरले. कोणालाही इजा झाली नाही. बॅच मात्र वाया गेली.

सकाळी वाल्वचा पोझिशनर, म्हणजे हवेच्या दाबाने वाल्व हवा तितका उघडणारा भाग, उघडला तेव्हा त्याच्या बारीक छिद्रात गंजाचा ओला गाळ होता. शेजारच्या वाल्वमध्येही तोच गाळ सापडला. अखेर १४ पोझिशनर उघडून साफ करावे लागले, हवेची पूर्ण पाइपलाइन फुंकून कोरडी करावी लागली आणि कारखाना तीन दिवस बंद राहिला.

मूळ कारण इन्स्ट्रुमेंट एअरच्या, म्हणजे वाल्व आणि उपकरणे चालवणाऱ्या दाबाखालच्या हवेच्या, ड्रायरमध्ये होते. या प्रकारच्या ड्रायरला दोन टाक्या असतात. एक टाकी हवेतील बाष्प शोषत असते, त्याच वेळी दुसरीतला दाब सोडून, कोरड्या हवेचा थोडा भाग तिच्यातून उलटा नेऊन तिच्यातील ॲल्युमिना सुकवला जातो. दर पाच मिनिटांनी टाक्यांची अदलाबदल होते आणि दाब सुटताना ‘फुस्स’ असा मोठा आवाज येतो. यातल्या एका टाकीचा दाब सोडणारा वाल्व बंद अवस्थेत अडकला होता. ती टाकी सुकतच नव्हती, आणि तिची पाळी आली की कारखान्याला ओली हवा मिळत होती. उन्हाळ्यात हे कदाचित महिनोन्महिने लक्षात आले नसते. खाडीकाठच्या जुलैतल्या हवेने मात्र दोन-अडीच आठवड्यांत पाइपलाइनमध्ये पाणी साठवले.

येथे एक बारकावा नोंदवण्यासारखा आहे. तो ब्राइन वाल्व हवा गेल्यास आपोआप पूर्ण उघडेल अशा रचनेचा होता. म्हणजे ड्रायर किंवा कॉम्प्रेसर सपशेल बंद पडला असता, तर रिॲक्टर थंडच राहिला असता. हवा गेली नव्हती, हवा होती, फक्त ओली होती. सुरक्षिततेची सगळी रचना ‘यंत्र चालू’ आणि ‘यंत्र बंद’ या दोनच अवस्थांचा विचार करून केलेली होती. यंत्र चालू राहून आपले काम करत नाही, ही तिसरी अवस्था कोणत्याही कागदावर नव्हती.

प्रश्न नेमका कोणता

चौकशीत तीन गोष्टी पुढे आल्या. पहिली अशी की ड्रायर सी वर्गात होता, कारण तो स्वस्त होता आणि त्याला मोटार नव्हती. शिवाय दोन कॉम्प्रेसर असल्यामुळे ‘हवेला स्टँडबाय आहे’ असा शेरा संपूर्ण हवायंत्रणेला लावला गेला होता. दोन्ही कॉम्प्रेसरची हवा एकाच ड्रायरमधून जाते, हे पाइपिंगच्या नकाशावर स्पष्ट दिसत होते. पण यादी टॅग नंबरवरून तयार झाली होती, नकाशा समोर ठेवून झालेली नव्हती.

दुसरी गोष्ट स्टोअरची. स्टोअरचीही स्वतःची ए-बी-सी वर्गवारी असते. तेथे ए म्हणजे वर्षभरात ज्यावर सर्वाधिक पैसे खर्च होतात ती वस्तू. देखभाल विभागाचा ए आणि स्टोअरचा ए यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, तरीही बैठकांमध्ये दोन्ही एकाच अक्षराने बोलले जात. ड्रायरच्या त्या वाल्वचे किट दोन वर्षांत हलले नाही म्हणून ‘नॉन-मूव्हिंग’ ठरले होते आणि आदल्या मार्चमध्ये साठ्यातून काढले गेले होते. त्या कागदावर देखभाल विभागाच्या वतीने सही माझी होती.

तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त लागली. युटिलिटी (हवा, वाफ, पाणी पुरवणाऱ्या) विभागातले एक जुने ऑपरेटर, ज्यांना सगळे काका म्हणत, चौकशीच्या बैठकीला दारापाशी उभे होते. त्यांना विचारल्यावर ते म्हणाले, “साहेब, एका टाकीचा आवाज येत नाही हे मी पंधरा दिवस लॉगबुकात लिहितोय.” लॉगबुक आणले. ‘डावी टाकी आवाज नाही’ ही नोंद अकरा वेळा होती. टाकीवरच्या काचेतली निळी सिलिका गुलाबी झाल्याचेही, म्हणजे हवा ओली असल्याचेही, दोनदा लिहिले होते. सी वर्गाच्या यंत्राच्या नोंदीवरून कामाचा आदेश काढण्याची पद्धतच नव्हती, त्यामुळे त्या ओळी तिथेच राहिल्या.

समोरचे पर्याय

व्यवस्थापनाचा पहिला कल साधा होता. दुसरा ड्रायर घ्यावा, हवेतली ओल कळावी म्हणून दवबिंदू मोजणारे उपकरण बसवावे आणि विषय मिटवावा. हा पर्याय अगदीच चुकीचा नव्हता. पण ज्या दृष्टीने ड्रायर सी मध्ये गेला, त्याच दृष्टीने आणखी काय काय सी मध्ये गेले असेल, याचे उत्तर त्यातून मिळणार नव्हते.

दुसरा पर्याय विश्वसनीयता-केंद्रित देखभालीचा, म्हणजे प्रत्येक यंत्राचे कार्य, ते निकामी होण्याचे प्रकार, त्यांची कारणे आणि परिणाम असा संपूर्ण अभ्यास करण्याचा होता. ४१२ टॅगसाठी हे काम आमच्या मनुष्यबळात दीड-दोन वर्षांतही झाले नसते. आणि शेवटी कोणत्या यंत्राला आधी हात घालायचा हे ठरवण्यासाठी महत्त्वश्रेणी लागलीच असती.

तिसरा पर्याय गुणांकनाचा. परिणामाची तीव्रता, बिघाडाची शक्यता आणि बिघाड वेळेत लक्षात न येण्याची शक्यता यांना एक ते दहा गुण देऊन त्यांचा गुणाकार करायचा, ही पद्धत कारखान्याच्या गुणवत्ता विभागाला ठाऊक होती आणि तक्ताही तयार होता. आम्ही वीस यंत्रांवर ती करून पाहिली आणि सोडून दिली. एका सुरक्षा वाल्वला तीव्रता ९, शक्यता २, लक्षात न येणे २ असे गुण पडले, म्हणजे ३६. ड्रम भरण्याच्या एका पंपाला ४, ४ आणि ३ मिळून ४८ झाले. जीव जाऊ शकेल असा वाल्व गळक्या पंपाच्या खाली गेला. हे गुण फक्त क्रम सांगतात. ‘आठ’ हे ‘चार’च्या दुप्पट गंभीर असते असे नाही, आणि म्हणून त्यांच्या गुणाकाराला फारसा अर्थ उरत नाही. शिवाय शक्यतेचा गुण देताना प्रत्येक जण आपल्या आठवणीतला ताजा बिघाड मोजत होता.

अखेर चौथा पर्याय निवडला: महत्त्वश्रेणी केवळ परिणामावरून ठरवायची आणि बिघाडाची शक्यता नंतर, देखभालीचे काम ठरवताना, स्वतंत्रपणे पाहायची. या निवडीवर मतभेद होते. उत्पादन प्रमुखांचे म्हणणे असे की जे यंत्र कधीच बिघडत नाही, ते क्रिटिकल म्हणून कशाला मिरवायचे? त्यावर आमचे उत्तर होते की ड्रायरही नऊ वर्षे बिघडला नव्हता.

प्रत्यक्ष काम

कारखान्याची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असल्याने गुरुवारी दुपारी दोन-दोन तासांच्या बैठका ठेवल्या. अशा नऊ बैठका झाल्या. उत्पादन, देखभाल, उपकरण विभाग, सुरक्षा अधिकारी, स्टोअर आणि प्रत्येक विभागातला एक ऑपरेटर असे लोक बसत. टेबलावर यादीऐवजी पाइपिंगचा नकाशा पसरला जाई आणि टॅगऐवजी कार्यापासून सुरुवात होई: ‘उपकरणांना कोरडी हवा देणे’, ‘जॅकेटला ठरलेल्या तापमानाचे ब्राइन देणे’, ‘सांडपाणी टाकीतून पुढे नेणे’. प्रत्येक कार्य निकामी झाल्यास माणसांची सुरक्षितता, पर्यावरण, उत्पादन आणि दुरुस्तीखर्च या चार अंगांनी काय होईल हे विचारले जाई. चारांपैकी सर्वांत वाईट उत्तर तीच त्या कार्याची श्रेणी. बेरीज नाही, सरासरी नाही. अक्षरांमुळे स्टोअरशी झालेला घोळ पुन्हा नको म्हणून श्रेणींना १, २, ३ असे क्रमांक दिले.

पहिल्या चार बैठकांनंतर हिशेब केला तेव्हा तपासलेल्या यंत्रांपैकी निम्म्याहून अधिक श्रेणी १ मध्ये गेली होती. प्रत्येक साखळी शेवटी आगीपर्यंत पोहोचत होती. पंपाचे सील गळेल, मग ज्वालाग्राही द्रव सांडेल, मग ठिणगी पडेल, मग अग्निशमन यंत्रणा चालणार नाही. निम्मी यंत्रे सर्वांत महत्त्वाची ठरली, तर प्राधान्य कशाला द्यायचे हा प्रश्न तसाच राहतो. हा या प्रकरणातला सर्वांत अवघड टप्पा होता आणि त्यात दोन बैठका गेल्या. ‘श्रेणी १ मध्ये पन्नासपेक्षा जास्त यंत्रे नकोत’ अशी मर्यादा घालावी, अशी एक सूचना आली. ती नाकारली, कारण मग एकावन्नावे यंत्र निव्वळ गणितामुळे खाली गेले असते. त्याऐवजी नियम असा केला की यंत्राचा विचार करताना इतर संरक्षणे, त्यांची चाचणी वेळच्या वेळी होत असेल तर, काम करतील असे धरावे. पण संरक्षण देणाऱ्या साधनाचा, म्हणजे सुरक्षा वाल्व, इंटरलॉक, गॅस डिटेक्टर यांचा विचार उलट करावा: ज्या क्षणी त्याची गरज पडेल त्याच क्षणी ते निकामी आहे असे धरून. या साधनांचा बिघाड एरवी दिसतच नाही, म्हणून त्यांना वेगळी फूटपट्टी लागते. या एका नियमाने बरेच पंप खाली आले आणि काही लहान उपकरणे वर गेली.

दुसरा वाद स्टँडबायचा. आधीच्या यादीत ‘एक अधिक एक’ असे लिहिले की वर्ग एक पायरी उतरत असे. आता ठरले की दुसरे यंत्र आहे म्हणून श्रेणी उतरवायची असेल, तर दोन गोष्टी दाखवाव्या लागतील: गेल्या महिनाभरात ते प्रत्यक्ष भाराखाली चालवून पाहिले आहे, आणि दोघांची कोणतीही एक नस सामाईक नाही. ब्राइनच्या दोन्ही पंपांचा वीजपुरवठा एकाच पॅनेलच्या एकाच बसवरून (वीज वाटून देणाऱ्या धातूच्या पट्टीवरून) होता, हे त्या दिवशी खोलीतल्या निम्म्या लोकांना पहिल्यांदा कळले. स्टँडबाय पंप किती चालवायचा यावरही बोलणे झाले. दोन्ही पंप निम्मे-निम्मे चालवले तर दोघांची झीज बरोबरीने होते आणि दोघे एकाच सुमारास थकतात. मुळीच न चालवलेला पंप शेजारच्या यंत्राच्या कंपनांनी बेअरिंग खराब करून घेतो. महिन्यातून एकदा चोवीस तास चालवणे हा मध्यम मार्ग स्वीकारला.

उत्पादनावरचा परिणाम मोजताना आम्ही रुपयांऐवजी वेळ धरला: यंत्र बंद पडल्यापासून पहिला रिॲक्टर थांबेपर्यंत किती तास मिळतात? कच्च्या पाण्याच्या पंपाला भूमिगत टाकीमुळे जवळजवळ अठरा तास मिळत होते, म्हणून तो श्रेणी २ मध्ये गेला. तेव्हा काकांनी विचारले की एमआयडीसीने दुरुस्तीसाठी चोवीस तास पाणी बंद ठेवले असेल, त्या दिवशी टाकी किती भरलेली असते? श्रेणी तीच ठेवली, पण पाणीबंदीच्या आदल्या दिवशी त्या पंपावर कोणतेही काम काढायचे नाही अशी टीप जोडली.

पंपखड्ड्यातले पाणी उपसणाऱ्या पंपाची गोष्ट याहून पुढची. आठ महिने तो कोणाच्या खिजगणतीत नसतो. एका फिटरने २६ जुलै २००५ ची आठवण काढली. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला होता आणि इकडे ज्या कारखान्यात तो तेव्हा कामाला होता, तिथल्या पंपखड्ड्यातल्या मोटारी पाण्याखाली गेल्या होत्या. त्यावरून या पंपाला १ जून ते ३० सप्टेंबर श्रेणी १ आणि एरवी श्रेणी ३ द्यायचे ठरले. संगणकप्रणालीत ऋतूनुसार श्रेणी बदलण्याची सोय नव्हती, म्हणून मे महिन्यात एक वेगळा कामाचा आदेश ठेवावा लागला.

श्रेणी ठरल्यावर देखभाल प्रमुखांनी श्रेणी १ चे सर्व पंप दरवर्षी खोलून ओव्हरहॉल करावेत असा आग्रह धरला. त्यावर आम्ही एका अहवालाचा दाखला दिला: युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी १९७८ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी लिहिलेल्या अहवालात विमानाच्या सुट्या भागांपैकी ८९ टक्के भागांना वयाची मर्यादा घालून, म्हणजे ठरावीक वापरानंतर ते खोलून किंवा बदलून, काही लाभ होत नाही असे आढळले होते. विमान आणि रसायन कारखाना एक नव्हे, हे देखभाल प्रमुखांचे म्हणणे योग्यच होते. पण आमच्याच नोंदी काढल्या तेव्हा ओव्हरहॉलनंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत सील गळण्याच्या तक्रारी डोळ्यांत भरण्याइतक्या जास्त होत्या. शेवटी खोलणे कमी करून कंपनमापन वाढवले.

परिणाम

नव्या यादीत श्रेणी १ मध्ये ५८, २ मध्ये १४१ आणि ३ मध्ये २१३ यंत्रे आली. जुन्या ए वर्गातली २७ यंत्रे खाली उतरली, त्यांत दोन रिॲक्टरचे मिश्रक होते, ज्यांच्या उतरण्याने उत्पादन विभाग काही आठवडे नाराज राहिला. नव्याने वर आलेल्या ११ यंत्रांपैकी सहा जुन्या सी वर्गातली होती: ड्रायर, डिझेल जनरेटरची स्टार्टिंग बॅटरी आणि तिचा चार्जर, कॉम्प्रेसरखालच्या टाकीचा स्वयंचलित ड्रेन, नायट्रोजनचा एक रेग्युलेटर आणि सांडपाण्याच्या टाकीचा लेव्हल स्विच. सहाही यंत्रे एका हातगाडीत मावली असती.

पुढच्या पावसाळ्यात हवेमुळे एकही वाल्व अडकला नाही. रात्री बोलावून घ्यावे लागण्याचे प्रसंग वर्षभरात ३१ वरून २२ वर आले. याचे सगळे श्रेय नव्या यादीला देता येणार नाही, कारण त्याच वर्षी एक त्रासदायक उत्पादन बंद झाले होते. देखभालीचे एकूण मनुष्यतास फारसे घटले नाहीत, फक्त त्यांची जागा बदलली.

एक प्रसंग नशिबाने टळला. ड्रम उचलणारा होइस्ट श्रेणी ३ मध्ये गेला आणि प्रणालीने त्याची सगळी नियोजित कामे रद्द केली. त्यांत त्या वेळी लागू असलेल्या कारखाना अधिनियम १९४८ च्या कलम २९ खालची, सक्षम व्यक्तीकडून बारा महिन्यांतून एकदा करून घ्यायची तपासणीही होती. मुदत संपायला नऊ दिवस असताना सुरक्षा अधिकाऱ्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरमुळे ते लक्षात आले.

वेगळे काय करता आले असते

कायद्याने बंधनकारक असलेली कामे सुरुवातीलाच वेगळी काढून त्यांना श्रेणीच्या कक्षेबाहेर ठेवायला हवे होते. हे इतके उघड आहे की आमच्यापैकी कोणाला सुचले नाही याचे आजही आश्चर्य वाटते.

ऑपरेटरांना आम्ही बैठकीत बसवले, पण तिसऱ्या बैठकीपासून. पहिल्या दोन बैठका साहेब लोकांच्याच झाल्या आणि त्यांत ठरलेल्या ४० यंत्रांपैकी नऊ यंत्रांची श्रेणी पुढे बदलावी लागली. कंत्राटी कामगार तर शेवटपर्यंत आलेच नाहीत, आणि सांडपाणी विभाग पूर्णपणे त्यांच्याच हातात होता. तिथल्या श्रेणींवर माझा आजही पुरता विश्वास नाही.

सुट्या भागांचे काम आम्ही यादी संपल्यावर हाती घेतले. ते सोबतच व्हायला हवे होते. श्रेणी १ च्या ५८ यंत्रांपैकी १७ यंत्रांचा एक तरी अत्यावश्यक भाग साठ्यात नव्हता, हे पाच महिन्यांनी कळले. तोवर ती यंत्रे कागदावर महत्त्वाची आणि प्रत्यक्षात पूर्वीसारखीच उघडी होती.

फेरतपासणी दर दोन वर्षांनी करायची असे लिहून ठेवले होते. मुदतीपेक्षा बदल धरून ठरवायला हवे होते: नवे उत्पादन, नवी पाइपलाइन, काढून टाकलेले स्टँडबाय. सहाव्या रिॲक्टरमध्ये नवे उत्पादन सुरू झाले तेव्हा त्याचा व्हॅक्यूम पंप श्रेणी ३ मध्ये होता आणि चार महिने तसाच राहिला.

दुसरा ड्रायर मी तेथून बाहेर पडेपर्यंत आला नव्हता. दोन अर्थसंकल्पांत तो पुढे ढकलला गेला. दवबिंदू मोजणारे उपकरण बसले, त्याचा अलार्म पॅनेलवर आला आणि वाल्वचे दोन किट स्टोअरमध्ये ‘हलले नाही तरी काढू नये’ अशा लाल चिठ्ठीसह ठेवले गेले. युटिलिटीच्या लॉगबुकात ‘आवाज’ असा एक रकाना छापून घेतला आहे. पाळी संपताना शिफ्ट इन्चार्जला त्यापुढे सही करावी लागते.